ऑटो स्विच आणि रोहित्र

घरातले दिवे-पंखे आपोआप चालवणाऱ्या यंत्रणांचे कौतुक फार होते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात मात्र स्वयंचलनाची खरी परीक्षा विहिरीवर झाली. शेतीची थ्री-फेज वीज वर्षानुवर्षे आळीपाळीने दिवसा व रात्री येत आली. अंधारात, विंचूकाट्यातून मोटर चालू करायला कोण जाणार? म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच आला. वीज आली की पंप सुरू!

सोय खरी, पण हा स्विच शेजारचा पंप पाहत नाही. थेट सुरू होणारी मोटर क्षणभर नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. आता हिशेब करू. 63 केव्हीए रोहित्राचा पूर्ण भार सुमारे 88 अँपिअर. पाच अश्वशक्तीचे दहा पंप चालू असताना सुमारे 75 अँपिअर घेतात, म्हणजे झेपतात. तेच एकदम सुरू झाले तर मागणी 450 अँपिअरवर जाते! व्होल्टेज कोसळते, मोटरी वेग घेत नाहीत, त्यामुळे प्रवाहही उतरत नाही. मग फ्यूज उडतो, नाहीतर रोहित्र जळते आणि दहाही शेते कोरडी राहतात.

महावितरण ऑटो स्विच काढायला सांगते. आम्हांला हे अर्धेच उत्तर वाटते, कारण रात्रीची फेरी त्याने टळत नाही. प्रत्येक पंपाला वेगळ्या विलंबाचा टायमर जोडता येतो. अट एवढीच, की कोणाचा पंप कितव्या मिनिटाला सुरू होणार, हे दहा जणांनी बसून ठरवले पाहिजे. दिवसा वीज देण्यासाठी 2017 मध्ये आलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेच्या पथदर्शी प्रकल्पांत राळेगणसिद्धी होते. पण दिवसाही वीज एकाच क्षणी येते.