मुकेशची गोष्ट आणि आपलं हसू

थिएटरात दिवे मंद झाले की एक चेहरा पडद्यावर यायचा, आठवतं? मुकेश. भुसावळचा तरुण. गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग झाला आणि २००९ मध्ये, अवघ्या २४व्या वर्षी तो गेला. २ ऑक्टोबर २०१२ पासून सिनेमागृहात तंबाखूविरोधी चित्रफीत दाखवणं सक्तीचं झालं आणि त्याची गोष्ट गावोगाव पोहोचली.

पुढे काय झालं? पहिल्यांदा सभागृह गप्प व्हायचं. दहाव्यांदा लोक पॉपकॉर्न आणायला उठायचे. मग त्याच्या नकला सुरू झाल्या, विनोद फिरू लागले. खोटं कशाला बोला, आम्हीही हसलो आहोत.

लोक कोडगे आहेत, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आमच्या मते दोष मांडणीत आहे. बघा, त्या गोष्टीत मुकेश आहे, गुटखा आहे, मरण आहे. पण पुडी बनवणारा नाही, ती शाळेजवळ विकणारी टपरी नाही, कानाडोळा करणारं सरकार नाही. म्हणजे काय, तर सगळा हिशेब एका पोराच्या चुकीवर येऊन मिटतो. त्याला बघून काहींनी पुडी टाकलीही असेल. पण नुसती भीती लवकर शिळी होते.

आता दुसरी गोष्ट. मध्य प्रदेशातल्या भिंडच्या सुनीता तोमर. त्याही अशाच जाहिरातीत होत्या. तंबाखूच्या वेष्टनावरचा इशारा ८५ टक्के जागेवर छापण्याचा नियम पुढे ढकलावा, अशी शिफारस संसदीय समितीने २०१५ मध्ये केली, तेव्हा या बाईंनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं. नियम लागू व्हायचा होता १ एप्रिलला. त्याच दिवशी त्या गेल्या, २८व्या वर्षी. मोठे इशारे आले ते वर्षभराने. ते त्यांच्या पत्रामुळेच आले, असा दावा आम्ही करत नाही. पण त्या फक्त दुखणं दाखवून थांबल्या नाहीत, त्यांनी जाब विचारला.

म्हणून जनजागृती करणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं आहे. रुग्णाला कॅमेऱ्यासमोर बसवताना त्याला फक्त 'काय भोगलंस?' असं विचारू नका. 'कोणाला काय विचारायचंय?' हेही विचारा. आणि 'आता हे दाखवणं थांबवा' म्हणायचा हक्क त्याला, त्याच्यामागे घरच्यांना, राहू द्या. आपण हसत होतो तेव्हा मुकेश ते म्हणू शकत नव्हता.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर घेऊ.