धूसर आयपीए आणि प्रादेशिकतेचा प्रश्न : ब्रुअरी-भेटींच्या आस्वादव्यवहाराची चिकित्सा

‘प्रादेशिक’ ही संज्ञा मराठी समीक्षेला नवी नाही. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ (१९५२) या कादंबरीच्या निमित्ताने, आणि पुढे उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) किंवा रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) या कृतींच्या संदर्भात, प्रदेश ही केवळ पार्श्वभूमी असते की कथावस्तूला आकार देणारी शक्ती असते, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झालेली आहे. बोलीतील चार शब्द पेरले, झाडांची व सणांची नावे घातली म्हणजे कृती प्रादेशिक होत नाही. प्रदेश वगळला असता ती कोसळली पाहिजे, ही कसोटी सर्वसाधारणपणे मान्य झाली आहे. हीच संज्ञा अलीकडे सर्वस्वी वेगळ्या क्षेत्रात, म्हणजे लहान प्रमाणावर बीअर बनविणाऱ्या कारखान्यांच्या आणि त्यांना भेट देणाऱ्या रसिकांच्या व्यवहारात, मोठ्या आत्मविश्वासाने वापरली जाते. ‘धूसर’ अथवा ‘हेझी’ आयपीए हा तिथला सर्वाधिक चर्चेतील प्रकार. या व्यवहारातील प्रादेशिकता आपल्या कसोटीवर कितपत उतरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. (मद्यपानाचा पुरस्कार वा निषेध हा येथे विषय नाही. तो विषय ज्यांचा आहे ते तो समर्थपणे हाताळीत आहेत.)

प्रथम नावाकडे पाहावे. आयपीए म्हणजे ‘इंडिया पेल एल’. या नावातील ‘इंडिया’ हा उत्पादनाचा प्रदेश नाही, तो गिऱ्हाइकाचा पत्ता आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो येथील हॉजसनच्या ब्रुअरीची बीअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी व सैनिक यांच्यासाठी येत असे. पुढे १८२० नंतर बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील उत्पादकांनी ही बाजारपेठ ताब्यात घेतली. त्यांच्या यशात तेथील विहिरींच्या पाण्याचा वाटा मोठा होता. जिप्समच्या थरांतून येणाऱ्या त्या पाण्यात सल्फेटचे प्रमाण अधिक, आणि त्यामुळे हॉपची कडू चव स्वच्छ व धारदार उतरते. म्हणजे आयपीएच्या इतिहासात प्रदेश आहे. परंतु तो नावात नसून पाण्यात आहे. रसायनशास्त्राने हे गुपित उलगडल्यावर अन्यत्रचे उत्पादक आपल्या पाण्यात जिप्सम घालू लागले, आणि त्या क्रियेला ‘बर्टनीकरण’ असेच नाव पडले. एका गावाचे पाणी अशा रीतीने पोत्यातून विकत मिळू लागले.

धूसर आयपीएची कथा अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हर्माँट राज्यात सुरू होते. वॉटरबरी या लहान गावात जॉन व जेन किमिच या दांपत्याने २००३ मध्ये ‘द अल्केमिस्ट’ हे पानगृह काढले व पुढे तेथे ‘हेडी टॉपर’ ही बीअर प्रसिद्धीस आली. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुराने ते पानगृह उद्ध्वस्त झाले. त्याच सुमारास गावातच उभारलेल्या नव्या कारखान्यातून ही बीअर डब्यांत भरून निघू लागली आणि ती मिळविण्यासाठी दुरून माणसे येऊ लागली. त्याच राज्यातील ग्रीन्सबरो येथे शॉन हिल याने २०१० मध्ये आपल्या पूर्वजांच्या शेतावर ‘हिल फार्मस्टेड’ ही ब्रुअरी सुरू केली. तेथील ‘एडवर्ड’ या बीअरला आजोबांचे नाव आहे आणि पाणी शेतातील विहिरीचे आहे. भेटीला जाणाऱ्याला तेथे घर, शेत, विहीर, वंश आणि पेला यांचा एक सलग अर्थ लागतो. पेंडशांच्या कादंबरीत बापूला गारंबीतून उचलून अन्यत्र ठेवता येत नाही, तसेच काहीसे येथे घडते. ब्रुअरी-भेट या प्रकाराची प्रतिष्ठा अशा काही मोजक्या ठिकाणांवर उभी आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु शैली म्हणून जे पसरले ते यातील काय? धूसर आयपीएची लक्षणे सांगता येतात: सातूच्या माल्टबरोबर ओट व गहू, उकळताना हॉप कमी आणि किण्वन चालू असताना व नंतर भरपूर, त्यामुळे कडवटपणा सौम्य आणि फळांचा गंध दाट, प्रथिने व पॉलिफेनॉल यांच्या संयोगाने येणारा गढूळपणा न गाळता राखलेला, आणि पाण्यात सल्फेटपेक्षा क्लोराइडचे प्रमाण अधिक ठेवल्याने आलेला जिभेवरचा मऊपणा. ही सर्व लक्षणे कोठेही साधता येतात. अनेक ब्रुअरींमध्ये स्थानिक पाणी आधी रिव्हर्स ऑस्मोसिसच्या यंत्रातून काढून जवळजवळ कोरे केले जाते आणि मग त्यात ठरलेले क्षार मोजून घातले जातात. म्हणजे गावचे पाणी प्रथम पुसावयाचे, आणि पुसलेल्या पाटीवर दुसऱ्या प्रदेशाचे अक्षर गिरवावयाचे. बीअर-परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेने आधी या प्रकाराची नोंद ‘न्यू इंग्लंड आयपीए’ अशी केली होती. २०२१ च्या मार्गदर्शिकेत तेच नाव ‘हेझी आयपीए’ असे झाले. शैलीचे वर्णन करणाऱ्यांनीच प्रदेशाचे नाव गाळून रूपाचे नाव ठेवले, ही घटना बोलकी आहे. ब्रुअरी-भेटींचे लेखन करणाऱ्यांनी मात्र तिची फारशी दखल घेतलेली दिसत नाही.

महाराष्ट्रात या संस्कृतीचे केंद्र पुणे. ‘डूलाली’ने २००९ मध्ये तेथे सुरुवात केली, पुढे मुंढव्यात ‘इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी’ आली, ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने स्थानिक फळे व धान्ये वापरण्यावर भर दिला. या ठिकाणांना भेट देऊन लिहिणाऱ्यांची एक परिभाषा तयार झाली आहे. तीत रंग, फेस, गंध, घोट व उत्तरचव या क्रमाने वर्णन येते आणि धूसर आयपीएविषयी लिहिताना आंबा हमखास येतो. हा आंबा येतो कोठून? तो येतो सिट्रा, मोझेक यांसारख्या हॉपच्या वाणांतून, ज्यांचे मोठे पीक अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या यकिमा खोऱ्यात निघते. भारतात हॉपची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौलसारख्या थंड खोऱ्यापुरती. महाराष्ट्रात ती नाहीच. देवगड-रत्नागिरीचा हापूस एका घाटाच्या अंतरावर असताना आंब्याचा गंध समुद्रापलीकडून आणावा आणि त्याला प्रादेशिक शैली म्हणावे, यातील गंमत त्या लेखनाच्या नजरेतून निसटते. कोकम घातलेल्या बीअरमध्ये निदान घटक तरी इथला असतो. पण तेवढ्याने कृती देशी होते काय, हा प्रश्न भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या विवेचनाशी परिचित असलेल्या वाचकाला पडल्याशिवाय राहणार नाही. नेमाड्यांनी ज्या शहरातील मराठवाडा विद्यापीठात अध्यापन केले, त्या शहराकडे आता वळावयास हवे.

औरंगाबाद, २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, हे देशातील बीअर उत्पादनाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक. युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग, पूर्वीचे फॉस्टर्स व नंतरचे सॅबमिलर अशा कंपन्यांचे कारखाने येथील औद्योगिक वसाहतींत उभे राहिले. तरीही ब्रुअरी-भेटींच्या नकाशावर हे शहर नाही. पर्यटक वेरूळ-अजिंठ्याला येतो, पाणचक्की पाहतो आणि परततो. नाशिकला द्राक्षबाग पाहून वाइन चाखण्याची सोय झाली, तसे येथे काही घडले नाही. आणि घडण्याचे कारणही नव्हते, कारण या कारखान्यांतील बीअर कोठेही सारखीच लागावी हाच तिचा गुण मानला जातो. आस्वादकाच्या दृष्टीने ती प्रदेशशून्य आहे.

येथेच त्या आस्वादकाच्या दृष्टीची मर्यादा उघड होते. चवीत प्रदेश नसला तरी पाण्याच्या हिशेबात तो आहे. या औद्योगिक वसाहतींना पाणी येते ते पैठणच्या नाथसागरातून. मोठ्या, काटकसरीने चालणाऱ्या कारखान्यातही एक लिटर बीअरसाठी साधारणतः तीन ते पाच लिटर पाणी लागते. लहान ब्रुअरीत हे प्रमाण बहुधा अधिक असते, कारण धुण्याचे व थंड करण्याचे पाणी पुन्हा वापरण्याची यंत्रणा तिला परवडत नाही. त्यातही धूसर आयपीए अधिक खर्चिक. नंतर घातलेला हॉप तयार बीअर शोषून घेतो आणि ती गाळाबरोबर जाते. प्रदेशाचे नाव सर्वाधिक मिरविणारा प्रकार पेल्यामागे पाणी सर्वाधिक वापरणाऱ्यांपैकी एक असावा, हा विरोधाभास कोणत्याही चव-टिपणात आढळत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात हा हिशेब न्यायालयात मांडला गेला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते. अशा वेळी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिलमध्ये मद्य व बीअर उद्योगांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला. मे महिन्यात ती ६० टक्क्यांपर्यंत न्यावयाची होती, आणि अन्य उद्योगांसाठीची कपात तिच्याहून बरीच कमी होती. कोणता पेला कोणत्या तहानेच्या आड येतो, याची चर्चा त्या काही आठवड्यांत या शहरातील चहाच्या टपरीपासून न्यायकक्षापर्यंत झाली. बीअरविषयी या प्रदेशात झालेला तो सर्वांत गंभीर विचार होता असे म्हटल्यास अतिशयोक्ती ठरू नये. त्यात चवीविषयी एकही शब्द नव्हता.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो सहजी बाजूला सारता येत नाही. मराठवाड्यातील पाण्याचा मोठा वाटा उसाला जातो. त्या मानाने बीअर कारखान्यांचा वापर अल्प आहे आणि मद्य हे नैतिकदृष्ट्या सोपे लक्ष्य असल्याने बोट तिकडे दाखविले गेले, असे तेव्हाही म्हटले गेले. आकड्यांच्या दृष्टीने हा आक्षेप बरोबर आहे. कारखान्यांतील कामगारांचा रोजगार आणि राज्याला मिळणारे उत्पादनशुल्क हेही खरे. परंतु येथे प्रश्न दोषाच्या वाटणीचा नाही. जो व्यवहार ‘प्रदेश’ हा शब्द मूल्य म्हणून वापरतो, त्याने त्या शब्दाचा कोणता अर्थ स्वीकारला आहे, हा प्रश्न आहे. उसाची साखर आपल्या पोत्यावर प्रादेशिकतेचा दावा करीत नाही. धूसर आयपीए करते.

ग्रीन्सबरोच्या भेटीचे वर्णन करणारा लेखक विहिरीचा उल्लेख करतो, कारण ती विहीर शेतात डोळ्यांसमोर असते. पुण्यातील पेल्यामागे खडकवासल्याचे पाणी, कूपनलिका की टँकर, हे विचारण्यास फार कष्ट नाहीत. पाणी कोठून घेता, किती घेता, ते कोरे करता की तसेच वापरता, उरलेले कोठे सोडता, हे चार प्रश्न माल्ट आणि हॉपविषयीच्या प्रश्नांबरोबर विचारता येतात. मलिक अंबराने सतराव्या शतकात या शहरासाठी भूमिगत नहर बांधविली. तिच्या अभ्यासकांना उगम, उतार, उच्छ्वास आणि वाटप यांच्या नोंदीशिवाय ती समजली असे वाटत नाही. बीअरच्या समीक्षेने याहून कमी मागावे असे काही कारण दिसत नाही.

औरंगाबादेत भरलेली बीअरची बाटली उलटी करून पाहिली तर मागच्या बाजूस बारीक अक्षरांत भूखंड क्रमांक आणि औद्योगिक वसाहतीचे नाव छापलेले आढळते. कायद्याने ते छापावेच लागते.