रोखीचे नुकसान आणि उधारीची भरपाई : मेलबर्नच्या गवताळ प्रदेशाच्या पुनर्स्थापनेवरील देखरेखीची समीक्षा

प्रस्तावना

वाढत्या लोकसंख्येला घरे हवीत आणि घरांना जमीन हवी, याबाबत दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो त्या जमिनीवर आधीपासून नांदणाऱ्या जीवसृष्टीचा. गेल्या काही दशकांत अनेक देशांनी या प्रश्नावर 'भरपाई' हे उत्तर शोधले आहे. घरबांधणीसाठी एका ठिकाणचा नैसर्गिक अधिवास नष्ट करावयाचा आणि त्याच्या मोबदल्यात तशाच प्रकारचा अधिवास अन्यत्र राखावयाचा, सुधारावयाचा किंवा नव्याने उभा करावयाचा, असे या उत्तराचे स्वरूप आहे. ही भरपाई प्रत्यक्षात झाली किंवा कसे, हे सांगण्याची जबाबदारी देखरेखीवर येऊन पडते. देखरेख सदोष असेल तर भरपाई हा केवळ कागदावरचा शब्द ठरतो.

प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील मेलबर्न शहराच्या विस्तारासाठी आखलेल्या भरपाई-योजनेची समीक्षा केली आहे. 'भरपाई', 'अधिवास-हेक्टर' आणि 'देखरेख' या तीन संज्ञांभोवती ही योजना उभी आहे. या संज्ञांचा कागदावरील अर्थ आणि जमिनीवरील अर्थ यांत पडलेले अंतर तपासणे, हा या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

मेलबर्नच्या पश्चिमेस बेसॉल्ट खडकाचे विस्तीर्ण ज्वालामुखीय मैदान पसरले आहे. युरोपीय वसाहतीपूर्वी या मैदानाचा मोठा भाग नैसर्गिक गवताळ प्रदेश होता. वदावुरुंग, वुरुंजेरी, बुनुरोंग आदी मूलनिवासी समूह तेथे वेळोवेळी नियंत्रित जाळणी करीत आणि गवताच्या थोंबांमध्ये उगवणाऱ्या वनस्पतींचे कंद खात. १८३५ मध्ये मेलबर्नची वसाहत स्थापन झाली. पुढे मेंढ्यांचे कळप, नांगर, सुपरफॉस्फेट खत आणि दगड वेचून सपाट केलेली शेते यांनी या मैदानाचे रूप पालटले. आज मूळ गवताळ प्रदेशाचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग शिल्लक आहे. १९९९ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यान्वये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र शासनाने २००८ मध्ये या परिसंस्थेची 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंद केली.

नेमक्या याच काळात शहर पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे सरकत होते. प्रत्येक गृहप्रकल्पाची स्वतंत्र पर्यावरणीय तपासणी करण्याऐवजी संपूर्ण विस्तारक्षेत्राचे एकत्रित मूल्यमापन करावे, असा करार २००९ मध्ये राज्य व केंद्र शासनांत झाला. २०१० मध्ये केंद्राने योजनेस मान्यता दिली आणि त्याच वर्षी शहराची विकास-सीमा सुमारे ४३ हजार हेक्टरांनी वाढविण्यात आली. या मोबदल्यात राज्याने शहराच्या पश्चिमेस १५,००० हेक्टरांचे गवताळ राखीव क्षेत्र आणि उत्तरेस १,२०० हेक्टरांचे गवताळ निलगिरी वनांचे राखीव क्षेत्र २०२० पर्यंत स्थापन करण्याचे वचन दिले. जमीन संपादनाचा व व्यवस्थापनाचा खर्च विकासकांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून भागवावयाचा होता.

जून २०२० मध्ये राज्याच्या महालेखापरीक्षकांनी या योजनेचा लेखाजोखा मांडला. पश्चिमेकडील राखीव क्षेत्रापैकी सुमारे दहा टक्के जमीनच तोवर संपादित झाली होती आणि वचन पाळले गेले नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर संपादन पुढे चालू राहिले; पण ठरलेली मुदत टळली होती.

'भरपाई' : शब्द आणि व्यवहार

आपल्याकडील दुकानांत 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असते. ग्राहकाने हसून पैसे मोजावेत, एवढाच तिचा अर्थ. मेलबर्नच्या योजनेत निसर्गाला मात्र हा सौदा उलट बाजूने मान्य करावा लागला. नुकसान रोखीने झाले आणि भरपाई उधारीवर राहिली. विकास-सीमेच्या आतील गवताळ तुकडा एकदा खोदला की त्याचा नाश तत्काळ व कायमचा असतो. त्याच्या बदल्यात राखावयाची जमीन मात्र शुल्क जमा होईल त्या गतीने विकत घ्यावयाची होती. शुल्क घरबांधणीच्या वेगाने जमा होते आणि त्याच घरबांधणीमुळे सभोवतालच्या जमिनीची किंमतही वाढते. ज्या प्रक्रियेतून पैसा यावयाचा, तीच प्रक्रिया त्या पैशाचे मोल घटविते, हा योजनेच्या रचनेतील अंतर्विरोध होता.

मधल्या काळात राखीव क्षेत्रासाठी निश्चित केलेल्या जमिनीचे काय झाले, हाही विचार आवश्यक आहे. या जमिनीवर भविष्यातील सार्वजनिक संपादनाचे आरक्षण पडले, पण मालकी शेतकऱ्यांकडेच राहिली. मालकाला दीर्घकालीन गुंतवणूक करण्यात स्वारस्य उरेना आणि शासनाच्या हाती पूर्ण व्यवस्थापन येईना. सेरेटेड टसॉक व चिलियन नीडल ग्रास ही परकीय गवते अशा रेंगाळलेल्या जमिनीवर झपाट्याने पसरतात. प्रतीक्षेचा काळ हा तटस्थ काळ नसतो. दहा वर्षांनी विकत घेतलेली जमीन ही दहा वर्षांपूर्वी कागदावर दाखविलेली जमीन राहत नाही.

शिवाय 'भरपाई' या शब्दात आणखी एक गृहीतक दडलेले आहे. राखीव क्षेत्रातील बरीच जमीन आधीपासूनच गवताळ होती. ती विकत घेतल्याने नवा गवताळ प्रदेश निर्माण होत नाही, असलेला वाचतो. न वाचविता तो नष्टच झाला असता, असे मानले तरच हे वाचविणे जमेच्या बाजूस लिहिता येते. हा अंदाज जितका निराशावादी, तितकी भरपाई मोठी दिसते. ऱ्हासाचे चित्र अधिक गडद रंगविल्याने जमाखर्च अधिक उजळ व्हावा, ही हिशेबाची पद्धत चिकित्सकाने सहजासहजी स्वीकारू नये.

'अधिवास-हेक्टर' : मोजमापाची मर्यादा

व्हिक्टोरिया राज्यात २००३ मध्ये 'अधिवास-हेक्टर' ही मोजमापाची पद्धत मांडण्यात आली. या पद्धतीत एखाद्या तुकड्याला शंभरपैकी गुण दिले जातात. त्यांपैकी ७५ गुण त्या जागेच्या स्थितीसाठी आणि २५ गुण सभोवतालच्या भूदृश्याशी असलेल्या तिच्या संबंधासाठी असतात. या गुणांच्या प्रमाणाने क्षेत्रफळाला गुणले की अधिवास-हेक्टर मिळतात. उदाहरणार्थ, शंभरपैकी ५० गुण मिळविणारा १० हेक्टरांचा तुकडा ५ अधिवास-हेक्टरांइतका ठरतो. वेगवेगळ्या ठिकाणांची तुलना करता यावी यासाठी अशा एककाची गरज होती, हे मान्य केले पाहिजे.

तथापि, एकक हाती आले की देवाणघेवाण सुलभ होते आणि देवाणघेवाण सुलभ झाली की वस्तूंमधील फरक नजरेआड होतो. दोन तुकड्यांना समान गुण मिळाले म्हणून त्यांत समान जीव राहतात असे नाही. गोल्डन सन मॉथ हा दिवसा उडणारा पतंग या दृष्टीने बोलका आहे. त्याच्या अळ्या जमिनीखाली गवताच्या मुळांवर वाढतात. प्रौढ पतंगाला अन्न घेण्याजोगे मुखावयव नसतात. तो केवळ काही दिवस जगतो आणि नर उन्हाळ्यातील उष्ण, निरभ्र दुपारीच उडताना दिसतात. याहून विशेष म्हणजे त्याच्या अळ्या चिलियन नीडल ग्रास या परकीय तणाच्या मुळांवरही वाढत असल्याचे आढळले आहे. हे तण आढळल्यास त्या जागेचे गुण कमी होतात. म्हणजे कमी गुणांच्या जागी संरक्षित पतंग असू शकतो आणि तण सरसकट काढून गुण वाढविल्यास त्या पतंगाचे नुकसान होऊ शकते. एका संख्येत हे दोन्ही अर्थ सामावत नाहीत.

'देखरेख' : काय मोजले जाते आणि काय मोजावयास हवे

राज्याच्या तत्कालीन पर्यावरण, भूमी, जल व नियोजन विभागाने २०१५ मध्ये या योजनेसाठी देखरेख व अहवालाचा आराखडा तयार केला. परिसंस्थेची रचना व कार्य टिकावे आणि संकटग्रस्त प्रजातींच्या संख्येत लक्षणीय घट होऊ नये, या दिशेने त्याची मांडणी आहे. आराखड्याचा हेतू स्तुत्य आहे. परंतु नुकसानास मान्यता २०१० मध्ये आणि देखरेखीचा आराखडा २०१५ मध्ये, हा क्रमच पुरेसा बोलका आहे. सुधारणा झाली असे म्हणावयाचे तर आरंभीची स्थिती ठाऊक असावी लागते. आरंभीची नोंद उशिरा झाली तर मधल्या ऱ्हासाची नोंद कोठेच होत नाही आणि ऱ्हास पावलेली स्थितीच मूळ स्थिती म्हणून रूढ होते.

दुसरा मुद्दा मोजण्याच्या पद्धतीचा आहे. स्पायनी राइस-फ्लॉवर हे बुटके झुडूप खोल सोटमूळ रोवून अनेक दशके जगते. दरवर्षी प्रौढ झुडपांची गणती केली तर आकडा वर्षानुवर्षे स्थिर दिसेल. मात्र त्याच काळात बियांपासून एकही नवे रोप रुजले नसेल, तर ती संख्या निव्वळ म्हाताऱ्यांच्या गावासारखी आहे. म्हणून येथे रोपांची गणती ही झुडपांच्या गणतीहून महत्त्वाची ठरते. पाय नसलेल्या पट्टेरी सरड्याची पाहणी करण्यासाठी गवतात कौले मांडून ठेवतात आणि त्यांखाली आश्रयाला आलेले सरडे तपासतात. अशा पाहणीत सरडा न सापडणे आणि सरडा नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचे ठळक उदाहरण २०२३ मध्ये समोर आले. व्हिक्टोरियातील ग्रासलँड इअरलेस ड्रॅगन हा छोटा सरडा १९६९ नंतर खात्रीशीरपणे दिसला नव्हता. तो मेलबर्नच्या पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात पुन्हा आढळला. चोपन्न वर्षे जो कोणत्याही नोंदीत नव्हता तो जमिनीवर होता. तो राहत होता तो तुकडा या काळात खोदला गेला असता, तर त्याचे नुकसान कोणत्याच हिशेबात आले नसते.

तिसरा मुद्दा व्यवस्थापनाशी जोडलेला आहे. थेमेडा ट्रायान्ड्रा हे या मैदानाचे प्रमुख गवत काही वर्षांच्या अंतराने जाळले नाही, तर त्याचा पेंढा साचतो, थोंबांमधील मोकळी जागा बुजते आणि तेथील फुलझाडे गुदमरून मरतात. येथे संरक्षण म्हणजे कुंपण घालून स्वस्थ बसणे नव्हे. पूर्वी खत पडलेल्या शेतजमिनीवर मूळ गवताळ प्रदेश उभा करावयाचा तर स्फुरदाने समृद्ध झालेला वरचा थर खरवडून अनेक देशी प्रजातींचे बी पेरावे लागते. हे काम शक्य आहे, हे व्हिक्टोरियात झालेल्या प्रयोगांनी दाखविले आहे. पण ते खर्चिक आहे आणि त्यास बियाण्यांचा मोठा साठा लागतो. म्हणून 'इतके हेक्टर संपादित' हा आकडा पुनर्स्थापनेचा आकडा मानता येणार नाही. महालेखापरीक्षकांच्या अहवालानंतरची बरीच चर्चा दहा टक्क्यांभोवती फिरली. उद्या शंभर टक्के जमीन संपादित झाली तरी पुनर्स्थापनेचा प्रश्न तेथूनच सुरू होईल, हे या चर्चेत काहीसे झाकोळले गेले.

योजनेच्या बाजूने

समीक्षा एकांगी होऊ नये म्हणून योजनेच्या समर्थनार्थ मांडता येणारे मुद्देही विचारात घेतले पाहिजेत. वस्तीच्या मधोमध उरलेले छोटे तुकडे टिकत नाहीत. घरांलगत जाळणी करणे अवघड असते आणि बागांतील परकीय वनस्पती तेथे शिरतात. विखुरलेल्या तुकड्यांऐवजी एक सलग मोठे क्षेत्र राखण्यामागील तर्क शास्त्रीयदृष्ट्या भक्कम आहे. पन्नास लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या शहराची घरांची गरजही खरी आहे. शिवाय शासनाचे अपयश शासनाच्याच यंत्रणेने जाहीरपणे नोंदवावे, ही गोष्ट कमी मोलाची नाही. २०२० मध्ये विकासकांवरील आकारासाठी स्वतंत्र कायदाही करण्यात आला.

परंतु हे सारे मुद्दे सलग राखीव क्षेत्राच्या कल्पनेचे समर्थन करतात. नुकसान आधी व भरपाई नंतर या क्रमाचे ते समर्थन करीत नाहीत. लेखापरीक्षण दहा वर्षांनी झाले तेव्हा त्याच्या हाती केवळ नोंद करणे उरले होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

हा विषय परदेशातील असला तरी त्यातून आपल्याला घेण्याजोगे काही आहे. महाराष्ट्रात नागरी भागातील वृक्षांसाठी १९७५ चा अधिनियम आहे. २०२१ च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याची तरतूद त्यात झाली. आपल्याकडे भरपाईचे परिचित एकक झाड हे आहे. माळरानावर मात्र झाडे विरळच असतात आणि सरकारी दफ्तरात माळरानाची गणना पुष्कळदा पडीक जमिनीत होते. गृहसंकुलाखाली गेलेल्या माळाची या हिशेबात नोंद होत नाही. उलट, अन्यत्र तोडलेल्या झाडांची भरपाई म्हणून माळावरच रोपे लावली जाण्याचा धोका संभवतो. मेलबर्नने निदान गवताला अधिवास म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे ती पहिली पायरीही अद्याप पुरती चढलेली नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. घरबांधणीमुळे होणारे नुकसान तत्काळ असते व पुनर्स्थापनेचा लाभ दूरचा आणि अनिश्चित असतो. या दोहोंना एकाच जमाखर्चात समान मानणे योग्य नाही.

२. आरंभीच्या स्थितीची नोंद बांधकामास मान्यता देण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजे. राखीव क्षेत्रासाठी निश्चित केलेल्या खाजगी जमिनीचाही त्या नोंदीत समावेश हवा.

३. क्षेत्रफळ व शुल्क यांबरोबरच रोपांची रुजवण, तणांचा प्रसार आणि जाळणीचे चक्र यांची नोंद हाच देखरेखीचा गाभा असावा.

४. देखरेखीचा निष्कर्ष पुढील परवानगीला बांधलेला असला पाहिजे. ठरावीक टप्प्यापर्यंत भरपाई झाल्याचे सिद्ध झाल्याविना पुढील टप्प्यातील जमीन खोदण्यास मुभा नसावी.

यांपैकी चौथा निष्कर्ष सर्वांत कळीचा आहे. पहिले तीन पाळूनही चौथा वगळला, तर देखरेख म्हणजे ऱ्हासाची काटेकोर रोजनिशी ठरेल. मेलबर्नच्या योजनेत मोजणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाची वानवा नव्हती. आकडा प्रतिकूल आला असता काम थांबविण्याचा अधिकार मात्र त्या आकड्याला दिलेला नव्हता.