बियाणे, जमीन आणि उदास मन

"तिची आईही अशीच होती, रक्तातच आहे ते." नैराश्याने खचलेल्या माणसाविषयी असे बोललेले आपण सर्वांनीच ऐकले आहे. "या गावात राहून दुसरे काय होणार?" हेही तितकेच ओळखीचे. दोन्ही विधानांना विज्ञानाचा आधार दिला जातो. तो किती भक्कम आहे, ते आम्ही येथे तपासणार आहोत.

2003 साली 'सायन्स' या नियतकालिकात न्यूझीलंडमधील ड्युनेडिनच्या 847 तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सेरोटोनिनच्या वाहतुकीशी संबंधित जनुकाचे आखूड रूप ज्यांच्याकडे होते, ते नोकरी, पैसा, घर, आजारपण यांतील आघातांनंतर अधिक प्रमाणात नैराश्यग्रस्त झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. कल्पना आकर्षक होती, म्हणून झपाट्याने पसरली. परंतु 2009 साली 14 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हा संबंध आढळला नाही. 2019 साली लाखो लोकांच्या माहितीवर अशा 18 जनुकांची परीक्षा झाली. त्यांतील एकही खास ठरले नाही. नैराश्याशी निगडित जनुकीय फरक अनेक आहेत आणि प्रत्येकाचा वाटा अगदी अल्प आहे.

मग जुळ्यांच्या अभ्यासांतून आलेला 'सुमारे 37 टक्के आनुवंशिक' हा आकडा? त्याचा अर्थ एका माणसाच्या दुःखाचा 37 टक्के भाग जनुकांचा, असा नव्हे. परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावच्या शिवारात 'परभणी मोती' ज्वारीचे एकच शुद्ध बियाणे काळ्या रानात आणि मुरमाड रानात पेरले, तर पिकातील फरक जमिनीचा असेल. एकाच सारख्या रानात निरनिराळी बियाणी पेरली, तर तो बियाण्याचा असेल. म्हणजे आकडा त्या पेरणीचा असतो, एका कणसाचा नव्हे.

परिसराच्या बाबतीतही सावध राहायला हवे. वस्ती माणसाला खचवते, की खचलेला माणूस स्वस्त वस्तीकडे ढकलला जातो? शिवाय आईवडील मुलांना जनुके देतात आणि घरही देतात. ही गाठ सोडवण्याचा एक मार्ग अमेरिकेत सापडला. 1994 पासून पाच शहरांतील गरीब कुटुंबांना सोडत काढून कमी गरिबीच्या वस्तीत जाण्याची संधी देण्यात आली. वर्षांनंतर मोठ्यांच्या उत्पन्नात विशेष फरक पडला नव्हता, पण त्यांचे मानसिक स्वास्थ्य मात्र सुधारलेले दिसले.

आमचा आक्षेप संशोधनाला नाही, त्यातून घाईने काढल्या जाणाऱ्या निवाड्याला आहे. वर्गातील एखाद्या मुलाचे वडील नैराश्यात असतील, तर "तुझ्यातही ते येणार" असे त्याला सांगणे अशास्त्रीय आहे आणि क्रूरही. बियाणे बदलता येत नाही. पाणी, सावली, सोबत आणि वेळेवर उपचार देता येतात. 'टेलि-मानस'चा 14416 हा मोफत क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवणे, एवढे तर आपल्या हातात आहे.