विश्वासघात आणि आळ : गदर-चळवळीतील महाराष्ट्रीयांच्या चरित्रलेखनाचा एक प्रश्न

परदेशात संघटित होऊन गुप्तपणे लष्करी उठावाची सिद्धता करणाऱ्या मंडळींचे चरित्र लिहिताना चरित्रकारापुढे एक विशेष अडचण असते. गुप्त कार्याचे कागद कार्यकर्ते स्वतःच नष्ट करतात. उरतात ते शत्रूचे कागद. माफीच्या साक्षीदाराची जबानी, विशेष न्यायाधिकरणाचा निकाल आणि सरकारी समितीचा अहवाल, ही त्या इतिहासाची प्रमुख साधने ठरतात. या साधनांतून घटना तर मिळतेच, पण तिच्याबरोबर घटनेची मांडणीही नकळत येते. गदर-चळवळीतील विष्णु गणेश पिंगळे व पांडुरंग सदाशिव खानखोजे या दोन महाराष्ट्रीयांच्या बाबतीत हा दोष विशेष जाणवतो.

वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मारेगावच्या वाचकालाही गदर ही पंजाबची कथा वाटते, आणि संख्याबळाच्या दृष्टीने ते खरेही आहे. तथापि खानखोजे हे नदीपलीकडच्या वर्ध्याचे, तर पिंगळे पुणे जिल्ह्यातील तळेगाव-ढमढेऱ्याचे. दोघेही अमेरिकेत शिक्षणासाठी गेले आणि तेथेच या संघटनेत आले. पिंगळे १९१४ च्या अखेरीस कर्तारसिंग सराभा यांच्यासमवेत कलकत्त्यास उतरले. खानखोजे तुर्कस्थानमार्गे इराणात गेले. एकाच मोहिमेच्या या दोन शाखा होत.

पिंगळ्यांच्या शाखेचा शेवट सर्वश्रुत आहे. उठावासाठी २१ फेब्रुवारी १९१५ हा दिवस ठरला होता. पोलिसांचा हेर कृपालसिंग गटात शिरल्याचा संशय येताच तो १९ तारखेवर आणण्यात आला. पण तीही बातमी फुटली. २३ मार्च रोजी मीरतेच्या १२ व्या रिसाल्याच्या लाइनीत पिंगळे बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात सराभा व अन्य पाच जणांसह फासावर गेले.

ही कथा सांगताना सर्व भार कृपालसिंगावर टाकण्याचा प्रघात आहे. एक घरभेदी नसता तर उठाव साधला असता, असे सूचित होते. नाट्यदृष्ट्या ही मांडणी सोयीची आहे, कारण तीत खलपुरुष आयताच मिळतो. परंतु तिच्यामुळे दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली अशी की, विश्वासघात एकाच ठिकाणी झाला नाही. जर्मनीच्या साहाय्याने धाडावयाची शस्त्रे 'ॲनी लार्सन' या जहाजातून 'मॅव्हेरिक'वर चढवावयाची होती. त्या दोन जहाजांची गाठच पडली नाही. १९१५ च्या जूनमध्ये ती शस्त्रे अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हाती लागली आणि 'मॅव्हेरिक' रिकामेच जावा बेटास पोहोचले. हिंदुस्थानची मुक्ती हा जर्मनीचा हेतू नव्हता. इंग्रजी फौजा अडकवून ठेवणे हा होता. ज्याच्या दृष्टीने साहाय्यकर्ते हे केवळ साधन आहेत, त्याच्या पाठबळावर आखलेली मोहीम कृपालसिंगावाचूनही डळमळीतच होती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, ती म्हणजे आळ. या माणसांचा घात झाला एवढेच नव्हे, तर त्यांना परक्याचे भाडोत्री ठरविण्यात आले. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात 'जर्मन कटां'ना स्वतंत्र प्रकरण आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९१७–१८ च्या खटल्यातही जर्मन वकिलातीचे अधिकारी व हिंदी क्रांतिकारक एकाच आरोपपत्रात गोवले गेले. या रचनेचा परिणाम असा की, वाचकाला जर्मन सूत्रधार व हिंदी बाहुली एवढेच चित्र दिसते.

जर्मन पैसा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही; चरित्रकाराने ते झाकू नये. प्रश्न एवढाच की पैशातून हेतू जन्मला, की हेतू आधी होता? 'गदर' पत्राचा पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ चा आहे. महायुद्ध त्यानंतर नऊ महिन्यांनी सुरू झाले. पंजाबात उतरलेल्या मंडळींनी द्रव्यासाठी १९१५ च्या आरंभी दरोडे घातले. ज्यांच्या खिशात जर्मन सोने खुळखुळत होते असे म्हणावयाचे, त्यांना गावच्या सावकाराचे घर फोडण्याची पाळी का यावी? हे दरोडे चळवळीला लांच्छनास्पद ठरले आणि गावकरी तिच्यापासून दुरावले, म्हणून चरित्रकार ते घाईने ओलांडतो. वास्तविक भाडोत्रीपणाच्या आरोपाचे सर्वांत सबळ खंडन त्यांतच आहे. नायकाचा डाग पुसण्याच्या नादात त्याच्या निर्दोषत्वाचा पुरावाच पुसला जातो.

आळाचे विष आतही पसरते. सॅन फ्रान्सिस्कोचा खटला संपत असता, एप्रिल १९१८ मध्ये, भर न्यायालयात रामचंद्र या पुढाऱ्यास त्याच्याच एका सहकाऱ्याने गोळी घातली. फितुरीची व पैशाच्या अफरातफरीची शंका पक्षात आधीपासून धुमसत होती. फुटलेल्या गुप्त गटात प्रत्येकजण दुसऱ्याच्या दृष्टीने कृपालसिंग होऊ शकतो, ही शोकांतिका एकाच खलपुरुषाच्या मांडणीत मावत नाही.

खानखोज्यांची शाखा या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. प्रमथनाथ दत्त व आगाशे या सोबत्यांसह ते इराणात वावरले. तेथील टोळ्यांच्या आश्रयाने युद्ध संपेपर्यंत झुंजले. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात मक्यावर संशोधन केले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात निवर्तले. त्यांच्यावर वीणा गवाणकर यांनी मराठीत, तर कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत चरित्र लिहिले आहे. त्यांच्या आयुष्यात फाशीचा उत्कर्षबिंदू नाही. म्हणून पिंगळ्यांना हुतात्म्याचा साचा लाभतो, तसा त्यांना लाभत नाही. पण याच कारणाने त्यांचे चरित्र आळाला उत्तर देते. भाडोत्री शिपाई मोबदला संपताच थांबतो. जर्मनीचा पराभव झाल्यावरही ज्याची निष्ठा टिकते, तो भाडोत्री कसा?

तात्पर्य, या चरित्रांचे मूल्यमापन घरभेद्याच्या धिक्काराने होऊ नये. चरित्रकाराने आरोपपत्राची रचना ओळखली आहे काय, आणि नायकाचे दोष व आरोपकर्त्याचे असत्य या दोहोंना एकाच वेळी सामोरे जाण्याचे धैर्य दाखविले आहे काय, हीच खरी कसोटी होय. विश्वासघाताची शिक्षा या माणसांनी स्वतः भोगली; आळाची शिक्षा मात्र त्यांच्या स्मृतीला भोगावी लागते, आणि ती रद्द करण्याचा अधिकार आता केवळ चिकित्सक लेखनालाच आहे.