वाघूळ, बालक आणि पडसाद

बालकांसाठी लिहिलेल्या शास्त्रीय गद्याला आपल्या साहित्यविचारात क्वचितच स्थान मिळते. वास्तविक उपमेची खरी कसोटी तेथेच लागते. कारण प्रौढ वाचक सदोष उपमा सोडून देतो, बालक मात्र तिलाच ज्ञान समजून जवळ बाळगते. वटवाघळाचा पाठ या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

‘वाघूळ आंधळे असते, म्हणून ते कानांनी पाहते,’ असे मुलांना सर्रास सांगितले जाते. या वाक्यात दोन दोष आहेत. एक तर वाघूळ आंधळे नसते. दुसरे असे की, माळव्यातील मूल वडापिंपळावर उलटे लोंबकळताना ज्या मोठ्या फळखाऊ वाघळांना पाहते, ती डोळ्यांनी व वासाने वाट काढतात. पडसादावरून मार्ग ठरविण्याची विद्या तिन्हीसांजेला किडे टिपणाऱ्या लहान वाघळांची होय.

मग आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ येतो. डोळे बांधलेले मूल वाघूळ, टाळी वाजविणारे मूल किडा. खेळ गोड खरा, पण उपमान फसवे. कारण येथे किडाच आपला ठावठिकाणा सांगतो. प्रत्यक्षात साद वाघूळ घालते आणि आपल्याच सादेचा पडसाद ऐकते. कल्पनेचा प्राण तो हाच, आणि खेळात नेमका तोच हरवतो.

दृष्टी नष्ट केलेली वाघळे निर्वेध उडतात, हे स्पालान्झानी याने १७९३ च्या सुमारास दाखविले. परंतु मानवी कानांना न ऐकू येणारी त्यांची साद पिअर्सच्या यंत्रावर ग्रिफिनला ऐकू येण्यास १९३८ साल उजाडले. ज्यासाठी विद्वानांना सुमारे दीड शतक लागले, ते घाईघाईने एका खेळात कोंबू नये.

इंदूरच्या शिक्षकांना साधन दूर शोधावे लागणार नाही. पोलोग्राउंड हे नाव मैदानाचे असले, तरी आज तेथे कारखान्यांची वसाहत आहे. सुटीच्या शांत सकाळी एखाद्या उंच, सलग भिंतीपासून २५ मीटरांवर मुलांना उभे करावे व टाळी वाजवू द्यावी. भिंतीकडे चालत गेल्यास सुमारे १७ मीटरांच्या आत टाळी व पडसाद एकमेकांत मिसळू लागतात. मग सांगावे, की पावणेदोन मीटरांवरील किड्याचा पडसाद वाघळाला सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात मिळतो, आणि तेवढा अवधी त्याला पुरतो.

‘प्रतिध्वनीद्वारे स्थाननिश्चिती’ ही संज्ञा त्यानंतर यावी. तोवर ‘साद’ आणि ‘पडसाद’ हे घरचे शब्द पुरेसे आहेत. आणि कोशिंबीर खेळायचीच असेल, तर ती वाघळासारखी कोठे नाही, हेही शिक्षकाने मुलांना सांगावे.