‘तोशिगोइ’च्या पाठातील संकेतार्थ

जपानमधील इसे या शिंतो क्षेत्राच्या यात्रावर्णनांत फेब्रुवारीतील ‘तोशिगोइ’ आणि ऑक्टोबरातील ‘कान्नामे’ हे उत्सव बहुधा दोन स्वतंत्र प्रेक्षणीय प्रसंग म्हणून येतात. ‘एंगिशिकी’ या इ. स. ९२७ मधील विधिसंग्रहाच्या आठव्या खंडात तोशिगोइचा ‘नोरितो’, म्हणजे देवतांपुढे मोठ्याने म्हणावयाचा पाठ, जतन झाला आहे. तो बारकाईने वाचला असता ही विभागणी टिकत नाही. पाठ म्हटला जाई तो राजधानीत. परंतु इसेच्या आमातेरासू देवतेला उद्देशून त्यात स्वतंत्र भाग आहे.

डोनल्ड फिलिपी यांच्या १९५९ च्या इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकात नोरितोंना ‘प्रार्थना’ म्हटले आहे. तोशिगोइ म्हणजे पिकाची याचना, तेव्हा हे स्वाभाविकच. (‘तोशि’ म्हणजे आज वर्ष, मूळ अर्थ भाताचे पीक.) पण पाठाच्या मध्यवर्ती वाक्यात आज्ञार्थ नाही, विध्यर्थही नाही, तेथे संकेतार्थ आहे. कोपरांवर पाण्याचा फेस आणि मांड्यांवर चिखल घेऊन जे भात पिकवावयाचे, ते देवतांनी भरघोस लोंब्यांचे दिले, तर त्यातील पहिले पीक ताटांसकट आणि मद्यरूपानेही अर्पण केले जाईल, असा त्याचा आशय. परंपरागत वाचनात क्रियापद ‘मात्सुराबा’ असे येते : ‘देतील तर’. ‘मात्सुरेबा’ असते, तर ‘दिले म्हणून’ असा अर्थ झाला असता. सारा भेद एका स्वराचा. आणि वाक्याच्या शेवटी येणारा भविष्यवाचक ‘मु’ पहिल्याच वाचनाला पुष्टी देतो.

मराठी वाचकाला येथे नवस आठवेल, व ते साम्य वरवरचे नाही : बोलणे आणि फेडणे ही क्रियापदांची जोडी येथेही गृहीत आहे. मात्र नवस व्यक्तीचा असतो. हे वचन राज्यसंस्थेचे आहे.

वचनाचा उत्तरार्ध शरदात पुरा होतो, म्हणून पीक हाती असल्यावाचून कान्नामे होऊच शकत नाही. चांद्र पंचांगातील नवव्या महिन्याच्या १७ तारखेचा हा विधी, जपानने १८७३ मध्ये ग्रेगरियन पंचांग स्वीकारल्यावर, १७ सप्टेंबरला येऊ लागला. तोपर्यंत भात पुरेसे पिकत नसे. अखेर १८७९ मध्ये तो १७ ऑक्टोबरवर नेण्यात आला. तारखेच्या परंपरेपेक्षा वाक्यातील अट बलवत्तर ठरली, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

कान्नामेच्या वेळी इसेच्या आतील कुंपणावर भाताच्या जुड्या टांगलेल्या दिसतात. यात्रावर्णनकार त्यांना सजावट समजतात. वस्तुतः पाठात कबूल केलेली ताटे ती हीच.